साठावर थांबलेली तबकडी : एका घरातले तीन बंद कॅमेरे

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा दांडिया बझारातल्या काकूच्या घरी पाणी आलं नाही, सामान आलं. दादाचं, म्हणजे माझ्या चुलत भावाचं, घर नदीच्या बाजूला तळमजल्यावर आहे. त्याच्या गाद्या, पुस्तकं, मुलांच्या फायली सगळं काकूच्या माडीवर चढलं. त्यांना जागा करायची म्हणून नानांचं लोखंडी कपाट रिकामं करायला घेतलं. सर्वांत खालच्या कप्प्यात, काकूच्या जुन्या शालूच्या तुकड्यात गुंडाळलेला आणि चामड्याच्या केसमध्ये बंद असलेला याशिका मॅट १२४ जी, वरखाली दोन भिंगांचा कॅमेरा, निघाला. केसचं बटण उघडल्याबरोबर डांबरगोळ्यांचा वास खोलीभर पसरला. आतल्या चामड्यावर पांढरी लव उगवली होती.

नाना माझे मोठे काका. रावपुऱ्यात त्यांचा स्टुडिओ होता. २००३ मध्ये त्यांनी तो बंद केला आणि २००७ मध्ये ते गेले. बडोद्यात होमाई व्यारावाला राहत असत. देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांचं नाव, आणि रोलिफ्लेक्स कॅमेऱ्यावर त्यांनी बरंच काम केलेलं. त्यांनी १९७० मध्येच फोटोग्राफी सोडली होती. स्टुडिओचं शटर शेवटचं ओढताना नाना म्हणाले होते, "त्या बाईंनी सत्तरमध्ये ठेवला, मी तेहतीस वर्षं जास्त ओढला. बास झालं."

त्यांच्यामागे घरात तीन कॅमेरे उरले. याशिका कपाटात गेला. पेंटॅक्स के १००० देवघराच्या शेजारच्या काचेच्या शोकेसमध्ये बसला. आगफाचा क्लिक थ्री, आमच्या बडोद्याच्याच कारखान्यात बनलेला बॉक्स कॅमेरा, माळ्यावर पत्र्याखाली पडला. घर एक, हवा एक, वर्षं सतरा, पण ठेवण्याची तऱ्हा तिघांची वेगळी. असा प्रयोग ठरवून कोणी करत नाही, म्हणून हे सगळं टिपून ठेवतो आहे. मी कॅमेऱ्याचा कारागीर नाही. कारखान्यात प्रेशर गेज आणि टायमर दुरुस्त करण्यात माझी नोकरी गेली. त्यामुळे घाईने स्क्रू खोलायचा मोह आवरला, पण दुसऱ्या एका मोहाला मी बळी पडलो. तो पुढे येईलच.

सगळ्यात जपलेला सगळ्यात बिघडलेला

काकूला विचारलं तर याशिका तिने जिवापाड जपला होता. किल्ली तिच्या कमरेला, केस बंद, वर रेशमी कापड, कसर लागू नये म्हणून चार डांबरगोळ्या. यातली प्रत्येक गोष्ट पैठणीसाठी बरोबर होती. कॅमेऱ्यासाठी एकही नाही.

मी दोनशे-अडीचशे रुपयांना मिळतो तसला छोटा आर्द्रतामापक आणला. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात खोलीत ७४ टक्के दाखवत होता. कपाट बंद करून दोन दिवसांनी उघडलं तर ७९. चामड्याच्या केसमध्ये घालून रात्रभर ठेवला तर ८३. पुढे पाऊस उघडला, खोली ५५ वर आली, तरी केसमधला आकडा ७० च्या खाली यायला तयार नव्हता. चामडं स्पंजासारखं ओल धरतं आणि सावकाश सोडतं. बुरशीला साधारण ६०-७० टक्क्यांच्या वरची हवा, अंधार आणि वाऱ्याचा अभाव हवा असतो. आम्ही तिला तिन्ही दिले, वर खायला चामडंही दिलं. डांबरगोळ्यांनी कसर मरते, पण ओल जात नाही. उलट त्यांची वाफ थंड जागी पुन्हा स्फटिक होऊन बसते. केसच्या कोपऱ्यात ते चमचमणारे कण मी स्वतः बोटाने काढले. कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकांत कापूर आणि डांबरगोळ्या यांच्याजवळ कॅमेरा ठेवू नका अशी सूचना असते, पण ती पुस्तिका वाचतं कोण.

कॅमेऱ्याची अवस्था अशी : फोकसची गुंडी दोन्ही हातांनी जोर लावल्याशिवाय हलत नव्हती, कारण आतलं ग्रीस वाळून मेणासारखं झालं होतं. खालच्या, म्हणजे फोटो काढायच्या भिंगात कडेपासून मध्याकडे धावणारे बारीक तंतू, काचेला तडा गेल्यावर दिसतात तसे. मोजणीच्या खिडकीत ८ हा आकडा. म्हणजे आत रोल होता आणि नानांचे आठ फोटो त्यावर होते. सेलचा खण मात्र रिकामा आणि स्वच्छ. या कॅमेऱ्याच्या मीटरला १.३५ व्होल्टचा मर्क्युरी सेल लागायचा. पाऱ्यामुळे ते सेल बाजारातून गेले, तेव्हा नानांनी मीटरचा नाद सोडला आणि डोळ्यांनीच उजेड मोजायला लागले. त्यांच्या त्या जुन्या सवयीमुळे निदान सेल फुटून होणारं नुकसान टळलं.

भिंगावर टोपी ठेवून हँडल फिरवत उरलेली फिल्म संपवली, तोपर्यंत घाम फुटला. पाठ उघडून रोल काढला, काळ्या कागदात गुंडाळला, कॅमेरा खिडकीकडे धरला आणि शटर दाबलं. 'टिक्' झालं, पण पाती उघडलीच नाहीत.

चाळीस वेळा दाबून मी काय मिळवलं

याशिकात कोपालचं पात्यांचं शटर आहे. भिंगाच्या मधोमध पोलादाची पातळ पाती असतात, ती उघडतात आणि मिटतात. १/१२५, १/२५० अशा वेगांना स्प्रिंगच्या जोरावर काम भागतं. पण १ सेकंद, १/२, १/४ असे सावकाश वेग देण्यासाठी आत दात्यांच्या चाकांची एक वेगळी साखळी असते, घड्याळाच्या अँकरसारखी. ती पात्यांना मिटू देत नाही, मोजून सोडते. कॅमेरा पडून राहिला की तेल घट्ट होतं, आणि सगळ्यात हलका हात असतो तो या साखळीचा, म्हणून आधी तीच अडते.

निदानाचा नियम त्यातूनच निघतो. वरचे वेग ठीक आणि खालचे रखडत असतील तर दोष साखळीत. सगळेच वेग रखडत असतील, किंवा पाती उघडतच नसतील, तर दोष पात्यांवर. आमच्या याशिकात पाती उघडत नव्हती. मला तिथेच थांबायला हवं होतं.

थांबलो नाही. टायमर दुरुस्त करताना अडलेली यंत्रं चालवून चालवून सुटी होताना मी हजारदा पाहिली आहेत. म्हणून १/६० वर दाबत राहिलो. आठव्या-नवव्या खेपेला पाती अर्धवट उघडली, विसाव्याला पूर्ण. मग १ सेकंदावर नेलं. फोनच्या स्लो मोशनमध्ये, २४० चित्रं दर सेकंदाला, हे मोजता येतं. पाती उघडी असलेली चित्रं मोजायची, २४० ने भागायचं. पहिल्यांदा सव्वातीन सेकंद लागले. चाळिसाव्या वेळी १.३ सेकंद. मी खूश होऊन काकूला सांगितलं, नानांचा कॅमेरा सुधारला. (१/६० ला याच रीतीने चारच चित्रं मिळतात, म्हणजे अंदाज कच्चा. १/५०० तर या पद्धतीने मोजता येतच नाही. फोनवर एवढाच विश्वास ठेवावा.)

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. पाती चिकटलेली. टॉर्च लावून नीट पाहिलं तेव्हा पात्यांवर इंद्रधनुष्यासारखे रंग दिसले, डबक्यावर पेट्रोल सांडल्यावर दिसतात तसे.

मांडवीकडे एक वयस्कर गुजराती कारागीर अजून फिल्मचे कॅमेरे उघडतात. त्यांनी भिंगाची पुढची जोडी फिरवून काढली, आत बघितलं आणि म्हणाले, "आ शटरे तो तेल पीधुं छे." या शटरने तेल प्यायलं आहे. जुनं तेल उतरलंय का विचारलं तर त्यांनी कापसाचा बोळा माझ्या नाकाशी धरला. शिलाई मशीनच्या तेलाचा वास.

त्या संध्याकाळी दादाने कबूल केलं. मध्ये एका उन्हाळ्यात विकायचा विचार होता. कॅमेरा काढून पाहिला तर सावकाश वेग रखडत होते, म्हणून पुढच्या रिंगच्या फटीत दोन थेंब सोडले. तेवढ्यापुरतं छान चाललं. विकणं राहून गेलं आणि कॅमेरा परत कपाटात. काकूला कळलंही नाही.

पात्यांना तेल लागतच नाही. ती कोरडीच चालायची असतात. एकमेकांवर घसरणाऱ्या पातळ पत्र्यांमध्ये थेंबभर तेल शिरलं की ओल्या काचा एकमेकींना चिकटतात तशी ती चिकटतात. आणि माझ्या चाळीस दाबण्यांनी ते तेल पात्यांच्या टोकापर्यंत नीट पसरवलं होतं. घट्ट झालेल्या शटरला व्यायाम दिला की ते मोकळं होतं हे खरं आहे, पण तात्पुरतं. तेल मऊ होतं, जात नाही. पडून राहण्याआधी दिलेला व्यायाम आणि बिघडल्यावर दिलेला व्यायाम यांत फरक आहे, एवढं मला नोकरीच्या बळावर तरी कळायला हवं होतं.

कारागिरांनी शटर धुतलं, साखळीला लागेल तेवढंच तेल सुईच्या टोकाने दिलं, फोकसच्या मळसूत्राचं ग्रीस बदललं. पात्यांच्या शटरच्या भिंगात बुरशी बहुधा शटरकडे तोंड असलेल्या बाजूंना येते. त्या बाजू जोडी फिरवून काढली की हाताशी येतात, हे आमचं नशीब. काच स्वच्छ झाली. पण बुरशी वाढताना आम्ल सोडते, ते काचेवरच्या लेपात उतरतं. तिरप्या उजेडात धरलं तर तंतू जिथे होते तिथे अजून फिक्या रेषा दिसतात. पाठीमागून ऊन असताना फोटोत काही कळत नाही, समोरून उजेड आला की काळं थोडं राखाडी होतं. ते आता असंच राहणार. सगळ्याचे साडेचार हजार झाले, आणि एक सूचना फुकट मिळाली : सेल्फ टायमरच्या खटक्याला जन्मात हात लावू नका. जुन्या शटरमध्ये तो अर्ध्यात अडकला की सगळंच अडकतं.

खंडेनवमीचा कॅमेरा

पेंटॅक्सची गोष्ट याच्या उलट सुरू होते.

आमच्याकडे खंडेनवमीला ज्याच्या त्याच्या पोटापाण्याची हत्यारं पाटावर मांडतात. माझ्या वडिलांचा पाना-पक्कड, काकूची विळी आणि सुईदोऱ्याचा डबा, दादाचा लॅपटॉप. नाना होते तेव्हा त्यांचा पेंटॅक्स. लग्नं, मुंजी, गरब्याच्या रात्री सगळं त्यांनी त्याच्यावरच काढलं. ते गेल्यावरही काकूने तो पाट मोडला नाही. दरवर्षी कॅमेरा शोकेसमधून निघायचा, कोरड्या फडक्याने पुसला जायचा, झेंडू, अक्षता, हळद-कुंकू व्हायचं, आणि आरती झाली की काकू तो हातात घेऊन खटका ओढायची आणि एकदा दाबायची. "नाना म्हणायचे, बंदूक पुजली तर एक बार काढावाच." खटका ओढून ठेवायची नाही, दाबून मगच परत. म्हणजे शटरची स्प्रिंग वर्षभर ताणलेली राहिली नाही. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

आणि तिथीही बघा. आश्विन शुद्ध नवमी म्हणजे पाऊस जाऊन ऊन पडायला लागलेलं. बंद वस्तू बाहेर काढून हवा देण्याला बडोद्यात याहून चांगला आठवडा नाही. शोकेसला समोर काच, दिवसभर खिडकीचा उजेड, दार सैल असल्याने वाराही खेळता. भिंगात बुरशीचा एक तंतू नव्हता. खटका ओढला, दाबला : खट्. स्वच्छ, कोरडा आवाज. के १००० चं शटर सेलवर चालत नाही, पूर्ण यांत्रिक आहे, सेल फक्त मीटरला. मी मनातल्या मनात काकूला नमस्कार केला.

मग वेगाची तबकडी फिरवायला गेलो. ती १/६० वर होती आणि तिथून हलेना. पकडीशिवाय, हळूहळू पुढे-मागे करत फिरवली तेव्हा खाचेतून लाल पूड पडली. सतरा वर्षांचं कुंकू, त्यात हळदीचा पिवळा थर, बोटांच्या तेलाने बसून घट्ट झालेला. १ सेकंदावर नेऊन दाबलं. आरसा वर गेला, पडदा उघडला, आणि सगळं तिथेच थांबलं. मी पाच मोजले, दहा मोजले. हलका धक्का दिला तेव्हा मिटलं.

काकू सतरा वर्षं एकाच वेगावर बार काढत होती. नानांनी शेवटचा फ्लॅश लावून फोटो काढला तेव्हा तबकडी १/६० वर होती, कारण या कॅमेऱ्यात त्याहून वरच्या वेगाला फ्लॅश जुळत नाही, आणि पुढे तिला कोणी हात लावला नाही. कापडी पडदे, आरसा, स्प्रिंगा यांना दरवर्षी चलनवलन मिळालं. पण सावकाश वेगांची साखळी १/६० ला कामालाच लागत नाही. ती १/३० पासून खाली. म्हणजे घरातला प्रत्येक जण खंडेनवमीला उठून बसला आणि एक जण मागच्या खोलीत सतरा वर्षं झोपूनच राहिला.

इथे एक गाठ होती. आरसा वर अडकतो तेव्हा दोष साखळीचा की आरशाच्या उशीचा, हे ठरवायचं होतं. आरसा वर आदळतो तिथे फोमची पट्टी असते. जपानी कॅमेऱ्यांतली ती पट्टी आणि पाठीच्या दाराच्या खाचेतला उजेड अडवणारा फोम दोन्ही वयाने सडतात. आधी भुगा, मग डांबरासारखा चिकट काळा लगदा. वापरा किंवा ठेवून द्या, कशानेही हे थांबत नाही, दमट हवेत जरा लवकर होतं एवढंच. आरसा त्या लगद्याला चिकटून राहू शकतो. मी भिंग काढलं आणि १/१२५ वर दाबून पाहिलं. आरसा वर गेला, किंचित घुटमळला आणि खाली आला. म्हणजे उशीचा दोष होता, पण छोटा. १ सेकंदाला मात्र पडदाच उघडा राहिलेला दिसत होता. दोष दोन, एकमेकांच्या आड लपलेले.

फोम काढायचं काम मी घरीच केलं. जळून उरलेली उदबत्तीची बांबूची काडी तासून चपटी केली, कापूस गुंडाळला, आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब घेतला आणि थोडं थोडं खरवडलं. कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून, म्हणजे लगदा आत फोकसच्या काचेवर पडू नये. आरशाला बोट नाही, कापूस नाही. त्याची चांदी पुढच्या अंगाला असते, आपल्या घरच्या आरशासारखी काचेमागे नाही, एका पुसण्याने ती जाते. नवीन पट्टी क्राफ्टच्या दुकानातल्या फोम शीटची, खाचेत काळी लोकर. तीन तास गेले, बोटं दोन दिवस काळी.

सेल हा काकूच्या भक्तीतला खरा अपघात. के १००० ला मीटर बंद करायचं बटणच नाही. भिंगावर टोपी ठेवली, अंधार केला, की मीटर जवळजवळ काही खात नाही, एवढीच सोय. काकू पूजेला टोपी काढून ठेवायची, "देवाला डोळे उघडे हवेत" म्हणून, आणि शोकेसमध्येही ती तशीच बाजूला पडायची. सेल केव्हाच संपला असणार, मग फुटला. तळाचं झाकण नाण्याने फिरेना. व्हिनेगरचा एकेक थेंब कडेने सोडून तासाभराने निघालं. आत निळसर-हिरवा खडा. अल्कलाइन सेलमधून गळणारा द्रव क्षारधर्मी असतो, म्हणून त्यावर व्हिनेगर किंवा लिंबू चालतं, नंतर अल्कोहोलने पुसून कोरडं करायचं. खण स्वच्छ झाला, पण सेलपासून मीटरकडे जाणारी तार आवरणाच्या आत काळी पडली होती. हा गंज तारेतून वर चढत जातो. मीटर मेलं आहे. दुरुस्त करायला वरचं सगळं उतरवावं लागेल, आणि कारागीर म्हणाले की पडद्याची साखळी धुण्यापुरतंच उघडूया. मला पटलं. उजेड मोजायला फोन आहे.

१/१००० ला फ्रेमची एक कड अंधारी येत होती, मिटणारा दुसरा पडदा उघडणाऱ्या पहिल्या पडद्याला गाठत होता. सर्व्हिसनंतर बरीच सुधारली, पूर्ण नाही. तो वेग आम्ही वापरत नाही.

क्लिक थ्रीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. पत्र्याखाली मे महिन्याच्या उकाड्यात, पावसाळ्याच्या ओलीत, उंदरांच्या शेजारी राहूनही तो पहिल्या दाबण्याला चालला. एक साधं भिंग, एक स्प्रिंग, घट्ट व्हायला तेल नाही, सडायला फोम नाही, फुटायला सेल नाही. भिंग कापडाने पुसलं.

रावपुऱ्यातला दिवा

हे सगळं चालू असताना काकू एकदा सहज म्हणाली, "दुकानात तर कधी बुरशी आली नाही रे. त्या कपाटात दिवा असायचा ना."

हा दिवा मी विसरलो होतो. स्टुडिओच्या लाकडी कपाटात तळाशी १५ वॅटचा बल्ब होता. जूनच्या पहिल्या पावसाला नाना तो लावायचे आणि दिवाळीच्या आधी काढायचे, रात्रंदिवस. लहानपणी मला वाटायचं कॅमेऱ्यांना अंधाराची भीती वाटते. त्यामागचं गणित सरळ आहे. तापलेली हवा जास्त पाणी मावून घेते, म्हणून तेवढ्याच ओलीची टक्केवारी उतरते. २७ अंशाला ८५ टक्के असलेली हवा ३२ अंशांपर्यंत तापली की ६४ टक्क्यांच्या आसपास येते. ओल एक थेंबभरही कमी होत नाही, पण बुरशीला लागणारी हवा राहत नाही. १५ वॅट म्हणजे दिवसाला ०.३६ युनिट, चार महिन्यांना ४३ युनिट. काकू म्हणाली, बिलावरून दरवर्षी वाद व्हायचा.

दुकान बंद झालं, कॅमेरे घरी आले, कपाट बदललं. दिवा घरी आला नाही. नाना होते तोवर याशिका हातात असायचा, म्हणून चाललं. ते गेल्यावर तो वापरातून उठून वारशात गेला. नुकसानीची सुरुवात शोधायची तर मी तिथे बोट ठेवीन. दादाचं तेल आणि माझे चाळीस बार नंतरचे.

लोखंडी कपाटात, रेशमी साड्यांच्या शेजारी बल्ब लावायला मी धजलो नाही. लाकडाच्या, वर भोकं असलेल्या कपाटातच ते करावं, कापड आणि चामडं हातभर दूर ठेवून. विजेवर चालणारी कोरडी कपाटं मिळतात, पण दोन कॅमेऱ्यांसाठी तो खर्च काकूला सांगायची माझी छाती नव्हती. मग उरतो तो घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत पाव किलो सिलिका जेल आणि आर्द्रतामापक.

काकूने तांदूळ सुचवले. तांदूळ फारशी ओल ओढत नाहीत आणि त्यांची पूड मात्र सगळीकडे शिरते. जेल नारिंगी रंगाचं घेतलं, ओल भरली की हिरवं होतं. निळं-गुलाबी होणारंही चालतं, पण त्यात कोबाल्ट असतं, ते स्वयंपाकाच्या कढईत तापवू नये. साधारण १२० अंशांवर तास-दोन तास तापवलं की पुन्हा कामाला येतं. पहिल्या आठवड्यात मी हौसेने जास्त जेल भरलं आणि आकडा २४ वर गेला. तेही वाईट. इतक्या कोरड्या हवेत चामडं आखडतं, बाहेरच्या आवरणाचा गोंद सुटतो. निम्मं काढलं, आता ४५ च्या आसपास थांबतो. चामड्याच्या केस फेकल्या नाहीत, पण त्या वेगळ्या, उघड्यावर टांगल्या आहेत. कॅमेरा त्यांत पुन्हा जाणार नाही.

महिन्याच्या पहिल्या रविवारी मी जातो. दोन्ही कॅमेरे काढून १ सेकंदापासून वरपर्यंत प्रत्येक वेगावर दोन दोन बार, भिंगाचं छिद्र पूर्ण उघडून पूर्ण मिटून, फोकस या टोकापासून त्या टोकापर्यंत. शेवटी शटर सोडलेलं, सेल बाहेर, आत रोल नाही, फोकस अनंतावर. दहा मिनिटांचं काम. याशिकाचा १ सेकंद १.१ भरतो. जानेवारीच्या थंडीत १.२ झाला होता.

रोल धुवून आला. मुंबईला पाठवला होता. सतरा वर्षांत फिल्म धूसर झालेली, आणि ओलीमुळे मागच्या कागदावरचे आकडे व बाण फिल्मवर छापून उतरलेले. आठांपैकी पाच फोटो ओळखू येतात. चौथ्यात सुरसागरच्या काठावर काकू उभी आहे, आणि तिच्या पदरावर बरोबर ४ आकडा उमटला आहे. काकूने तो बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "हा नंबर नानांनी घातला का?"

२०२५ च्या खंडेनवमीला पाटावर दोन कॅमेरे होते. कुंकू मी डब्याच्या झाकणाला लावायला सांगितलं. काकूने झाकणाला लावलं, मग माझी नजर चुकवून पेंटॅक्सच्या पट्ट्यालाही बोट लावलं. आरती झाल्यावर तबकडी १ सेकंदावर नेऊन कॅमेरा तिच्या हातात दिला. तिने दाबलं. आरसा वर गेला, खाली यायला लागलेला तो एक क्षण तिला फार मोठा वाटला असावा. "बिघडवलास का रे?" ती म्हणाली.

डब्याबद्दल तिची नाराजी गेलेली नाही. तसले डबे लोणच्यासाठी असतात. शेवटी तिने एका डब्यावर जाड पेनाने 'नाना' लिहिलं. तसाच दुसरा डबा फ्रिजवर आहे, त्यावर 'पापड'.